संबंध जमतच नाहीत, आत भिंत असल्यासारखं वाटतं? व्हजायनिस्मसमधून पायरी-पायरीनं कसं बाहेर यायचं

माझं लग्न झालं मे २०१८ मध्ये आणि पहिला पूर्ण संबंध झाला फेब्रुवारी २०२० मध्ये. मधल्या एकवीस महिन्यांत किती रडले ते सांगत बसत नाही, पण त्यातले निम्मे महिने निव्वळ माहिती नसल्यामुळं वाया गेले. सांगली-मिरजेत राहून, जिथं गल्लोगल्ली दवाखाने आहेत आणि कर्नाटकातनं लोक उपचाराला येतात, तिथं मला माझ्या त्रासाचं नाव कळायला अकरा महिने लागले. म्हणून हे लिहितेय. तुझं नवीन लग्न झालंय आणि असं होतंय, किंवा तुझ्या बहिणीला, मैत्रिणीला होतंय, तर सावकाश वाच आणि जमलं तर नवऱ्यालाही वाचायला दे. मी डॉक्टर नाही, मला डॉक्टरीणबाईंनी आणि फिजिओताईंनी जे शिकवलं आणि जे मी स्वतः केलं तेवढंच सांगतेय.

आधी हे आहे काय ते बघू

व्हजायनिस्मसमध्ये योनीच्या तोंडाभोवतीचे आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आत काहीतरी जाणार म्हटलं की आपोआप आवळले जातात. आपण आवळत नाही, ते आवळतात. त्याबरोबर मांड्या जवळ येतात, कंबर वर सरकते, श्वास अडकतो. नवऱ्याला वाटतं तिथं वाटच नाही, आमचे हे अगदी असंच म्हणाले होते, "अगं पुढं जागाच नाही, भिंत लागतेय." आणि आपल्याला आग, चिरल्यासारखं दुखणं, मग पुढच्या वेळी त्या दुखण्याची भीती, मग अजून घट्ट आवळणं. चटका बसलेलं लेकरू नंतर थंड तव्यालाही हात लावत नाही ना, तसं ते अंग झालेलं असतं. त्या लेकराला रागावून किंवा हात धरून तव्यावर ठेवून काही होत नाही. तवा थंड आहे हे त्याला स्वतःच्या हातानं, हळूहळू, परत परत बघू द्यावं लागतं. सगळा उपचार हाच आहे, त्याला ग्रॅज्युअल एक्स्पोजर म्हणतात.

काहींना हे पहिल्यापासून असतं, टॅम्पॉन (पाळीत आत ठेवायचा कापसाचा बोळा) सुद्धा कधी गेलेलं नसतं. काहींना आधी सगळं नीट असतं आणि बाळंतपण, ऑपरेशन, वारंवार होणारं इन्फेक्शन किंवा एखादा वाईट अनुभव यानंतर सुरू होतं. नवऱ्यावर प्रेम नाही, इच्छा नाही, असा याचा अर्थ होत नाही. मला इच्छा होती, ओलावा यायचा, बाकी सगळं छान व्हायचं, फक्त तेवढ्या क्षणी अंग बंद. आणि कागदावर डॉक्टरांनी जेनिटो-पेल्विक पेन पेनिट्रेशन डिसऑर्डर असं लांबलचक लिहिलं तर घाबरू नकोस, २०१३ पासून अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या वर्गीकरणात व्हजायनिस्मस आणि संबंधावेळी दुखणं हे दोन्ही त्या एकाच नावाखाली धरतात.

हे बरं होतं का, हाच पहिला प्रश्न असतो. नेदरलँड्समध्ये झालेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यात पहिल्यापासून व्हजायनिस्मस असलेल्या ७० बायका होत्या. निम्म्यांना हा पायरी-पायरीचा सराव दिला, थेरपिस्ट समोर बसलेली पण हात त्या बाईचा स्वतःचाच, आणि निम्म्यांना वाट बघायला ठेवलं. सराव केलेल्या ३५ पैकी ३१ जणींना नंतर संबंध जमले, वाट बघणाऱ्या ३५ पैकी फक्त ४ जणींना. फिजिओताईंनी मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मी ३५ पैकी ३१ एवढंच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं, ते पान अजून आहे.

१. आधी तपासणी, पण घाईची नाही

मी पहिल्यांदा ज्या दवाखान्यात गेले तिथं बाईंनी दोन मिनिटांत टेबलावर झोपायला लावलं, आतून तपासायचा चिमटा (स्पेक्युलम) हातात घेतला, माझ्या मांड्या गपकन बंद झाल्या, खालचं रेक्झिन चुरगळून मी टेबलाच्या वरच्या टोकाला सरकले. त्या म्हणाल्या, "एवढं पण सहन होत नाही तर मूल कसं काढणार?" मी कपडे घालून बाहेर आले आणि पुढं चार महिने कुठल्याच दवाखान्याची पायरी चढले नाही. तुझ्याशी कुणी असं बोललं तर उठून ये आणि दुसरी डॉक्टर शोध, पण शोधणं सोडू नकोस. माझं ते चुकलं.

दुसऱ्या डॉक्टर मिरजेत भेटल्या. त्यांनी पहिल्या दिवशी हात पण लावला नाही, फक्त पाऊण तास ऐकून घेतलं. दुसऱ्या वेळी म्हणाल्या तू थांब म्हणशील तिथं मी थांबणार, आणि खरंच थांबल्या. अशी डॉक्टर मिळते, म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर विचार: व्हजायनिस्मसच्या पेशंट बघता का, आणि पहिल्या दिवशी आतून तपासायलाच पाहिजे का. उत्तरावरून कळतं.

तपासणी का हवी, तर दुखण्याची दुसरी कारणं वगळायला हवीत. खाज आणि दह्यासारखं पांढरं जाणं म्हणजे बुरशीचं इन्फेक्शन असू शकतं. योनीच्या तोंडाशी एका ठराविक जागी नुसता कापूस लागला तरी आग होत असेल तर ते वेगळं दुखणं असतं, त्याला वेगळी ट्रीटमेंट लागते. पाळीत असह्य कळा येत असतील, खोलवर दुखत असेल तर एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढलाय का, ते बघावं लागतं. बाळंतपणानंतर अंगावर पाजत असताना किंवा पाळी जायच्या वयात कोरडेपणा येतो. क्वचित योनीचा पडदा पूर्ण बंद असतो किंवा आत आडवी-उभी पट्टी असते. ही कारणं असताना नुसता सराव करत बसलीस तर दुखतच राहील.

बरोबर काय न्यायचं: आधीचे रिपोर्ट, सोनोग्राफी केली असेल तर ती, चालू गोळ्यांची नावं, शेवटच्या पाळीची तारीख, आणि एका कागदावर चार ओळी की कधीपासून होतंय, नेमकं काय होतं, बोट किंवा टॅम्पॉन जातं का. तोंडानं सांगताना रडू येतं, कागद पुढं सरकवता येतो. सिव्हिलला जाणार असशील तर केसपेपरसाठी आधार कार्ड आणि सकाळी लवकर जा. सांगलीचं आणि मिरजेचं दोन्ही सिव्हिल मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जोडलेली आहेत, स्त्रीरोग आणि मानसोपचार दोन्ही विभाग तिथं आहेत. गर्दी असते, पण खर्च परवडत नाही म्हणून उपचारच नको असं करू नकोस.

पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं, काम करणारी फिजिओथेरपिस्ट मात्र शोधावी लागते, नेहमीच्या कंबर-गुडघ्याच्या फिजिओकडं हे होईलच असं नाही. मी कोल्हापूरला जायची, एसटीनं सकाळी जाऊन दुपारपर्यंत परत, घरात सांगितलेलं की कंबरेसाठी जातेय. नंतर व्हिडिओ कॉलवर पण झालं. काहींना जोडीला समुपदेशकाची गरज असते, आणि लहानपणी किंवा कधीही कुणी जबरदस्ती केलेली असेल तर आधी त्यावर बोल, डायलेटर (योनीत घालून सराव करायच्या लहान-मोठ्या साइझच्या गुळगुळीत कांड्या) नंतर. कुणाशीच बोलता येत नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

२. संबंधाचा प्रयत्न पूर्ण बंद

हे ऐकून आमचे हे गप्पच झाले होते. पण हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. दिवसा तू अंगाला शिकवतेस की घाबरू नको आणि रात्री परत तेच दुखणं, मग अंग कशावर विश्वास ठेवणार? म्हणून सरळ तोंडानं ठरवा की फिजिओ सांगेपर्यंत आत काही नाही. जवळ येणं, मिठी, बाकी सगळं चालू ठेवा, उलट ते जास्त करा. आमच्याकडं असं झालं होतं की यांनी नुसता खांद्यावर हात ठेवला तरी मला वाटायचं आता परत प्रयत्न होणार आणि मी आकसायची. बंदी आल्यावर पंधरा दिवसांनी मी पहिल्यांदा निवांत त्यांच्या कुशीत झोपले.

यात एक खड्डा आहे. आत गेलं नाही म्हणजे दिवस जात नाहीत असं धरून चालू नका. वीर्य योनीच्या तोंडाशी पडलं तरी गर्भ राहू शकतो. मूल इतक्यात नको असेल तर त्याची काळजी आत्तापासून घ्या.

आणि नवरा ऐकतच नसेल, जबरदस्ती करत असेल, तर हा सराव त्या घरात होणार नाही. घरातल्या लैंगिक छळाला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात संरक्षण आहे, महिला हेल्पलाइन १८१ आहे. आधी ते बघ.

३. सामान

डायलेटरचा सेट, सिलिकॉनचा, चार ते सहा साइझचा, सगळ्यात लहान करंगळीएवढा असलेला बघून घे. ऑनलाइन मिळतो. ल्युब्रिकंट जेली पाण्याच्या बेसची, मेडिकलमध्ये के-वाय जेली मागितली की देतात. सिलिकॉन बेसची जेली सिलिकॉनच्या डायलेटरला लावायची नाही, तो खराब होतो. खोबरेल तेल बऱ्याच जणी वापरतात, पण कंडोमबरोबर तेल अजिबात नाही, लॅटेक्स कमजोर होऊन फाटतं. हातात धरायचा आरसा, दोन उशा, जुना टॉवेल, नेलकटर, वही-पेन. बास.

पार्सलची मला जाम धास्ती होती. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, दारातच बसलेल्या असतात आणि कुरिअरवाला आला की काय आलंय ते बघतात. मी यांच्या कुपवाड एमआयडीसीतल्या कंपनीचा पत्ता दिला. घरात स्टीलच्या उभ्या डब्यात, हिवाळ्याच्या चादरींच्या मागं ठेवला. वापरून झाल्यावर कोमट पाणी आणि साध्या साबणानं धुवून, पुसून, पूर्ण वाळवूनच डब्यात, ओला ठेवायचा नाही.

वेळ पण ठरवून टाक. एकत्र घरात दार लावून वीस मिनिटं बसणं अवघड असतं हे मला माहितीय. मी आत्या संध्याकाळी बागेतल्या गणपतीला जायच्या तेव्हा करायची. काहींना दुपारी जमेल, काहींना रात्री. कडी नीट लागते का ते आधी बघ, कारण मध्येच कुणी दार वाजवलं की सगळं परत आवळतं.

४. वहीत शिडी काढ

ज्याची ज्याची भीती वाटते ते सगळं लिही आणि पुढं ० ते १० मध्ये भीतीचा आकडा टाक. माझी पहिली यादी अशी होती: बाहेरून हात लावणं ३, आरशात बघणं ४, इअरबडचं टोक ५, करंगळी ७, पहिला डायलेटर ७, डॉक्टरांचं टेबल ९, संबंध १०. तुझे आकडे वेगळे येतील, माझ्या ओळखीच्या एकीला आरशाचीच भीती ८ होती. सगळ्यात लहान आकड्यापासून सुरुवात करायची.

नियम दोनच आहेत. पहिला, दुखणं दहापैकी तीनच्या वर जाऊ द्यायचं नाही. ताणल्यासारखं, विचित्र, किंचित जळजळ चालते, चिरल्यासारखं चालत नाही. दुसरा, आधीची पायरी कंटाळवाणी झाल्याशिवाय पुढची घ्यायची नाही. जमली म्हणून नाही, कंटाळा आला पाहिजे. हात तिथं असताना रात्रीला भाजी कुठली करायची हे डोक्यात यायला लागलं की समजायचं झालं.

५. श्वास आणि सोडणं

इथं सगळ्यात मोठा गोंधळ होतो. व्हॉट्सअॅपवर, मैत्रिणींत, कुणीही सांगतं की केगल (खालचे स्नायू आवळून धरायचा व्यायाम) कर, खालचा भाग मजबूत होईल. आपल्याला मजबुतीची गरजच नाही, आपले स्नायू आधीच दिवसभर ताणलेले असतात. मी पाच महिने रोज शंभर-शंभर केगल केले आणि अजून घट्ट झाले. आपल्याला सोडायला शिकायचंय.

पाठीवर झोप, गुडघे मुडप, गुडघ्याखाली उशी. एक हात पोटावर. नाकानं श्वास घे, पोट फुगू दे, छाती नाही. श्वास आत जाताना खाली, लघवी आणि शौचाच्या जागेच्या मधे काय होतंय त्याकडं लक्ष दे, तिथं किंचित पसरल्यासारखं, खाली उतरल्यासारखं होतं. ते पहिल्या दिवशी कळणार नाही. मला नवव्या की दहाव्या दिवशी कळलं, आणि तेव्हा एकदम लक्षात आलं की मी भाजी चिरताना, स्कूटीवर, फोनवर बोलताना सगळीकडं खालून आवळूनच असते. मग दिवसातनं पाच-सहा वेळा आठवणीनं सोडायची सवय लावली. जबडा पण सैल ठेव, दात आवळलेले असले की खाली पण आवळलेलं असतं. पोट साफ होत नसेल तर त्याचा पण बंदोबस्त कर, रोज कुंथायला लागलं की ते स्नायू कधीच निवांत होत नाहीत.

रोज दहा मिनिटं, दोन आठवडे नुसतं एवढंच. वेळ फुकट जातोय असं वाटेल, पण पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

६. आरसा आणि हात

मी सव्वीस वर्षांची होते आणि स्वतःला तिथं कधी बघितलेलं नव्हतं. उशीला टेकून बस, आरसा मांड्यांच्या मधे, उजेड खिडकीकडून. बघ. बाहेरचे ओठ, आतले ओठ, वर लघवीची बारीक जागा, खाली योनीचं तोंड. मला वाटलेलं मोठं भोक दिसेल, तसं काही नसतं, भिंती एकमेकींना चिकटून असतात, काही आत जाताना त्या बाजूला होतात. आणि पडदा म्हणजे दार लावल्यासारखं काही नसतं, तोंडाच्या कडेला मऊ झालर असते, पाळीचं रक्त येतं म्हणजे वाट आहेच. 'पडदा जाड आहे, कापून टाकू' असं कुणी तपासणी नीट न करता सांगितलं तर दुसरं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नकोस. व्हजायनिस्मस असेल तर पडदा कापून स्नायूंचं आवळणं जात नाही.

मग नुसता हात ठेवायचा. चड्डीवरून, मग आतून. जेली लावून तोंडाभोवती घड्याळाच्या काट्यासारखं बोट फिरवायचं, आत नाही. कंटाळा येईपर्यंत.

७. इअरबड, मग करंगळी

नवीन इअरबड, कापसाच्या टोकाला भरपूर जेली, आणि फक्त कापसाएवढं टोक आत. श्वास आत घेताना हलकंसं खाली ढकल, जसं लघवी लवकर व्हावी म्हणून करतो तसं, तोंड थोडं उघडतं. त्याच वेळी टोक सरकव. दिशा नीट लक्षात ठेव: सरळ वर डोक्याकडं नाही, पाठीच्या खालच्या टोकाकडं, माकडहाडाच्या दिशेनं. निम्म्या वेळा आपण सरळ वर ढकलतो आणि तिथं खरोखरच लागतं, मग वाटतं बघा भिंत आहे.

गेलं की काढायची घाई करू नकोस. ही गोष्ट मला फार उशिरा कळली. भीती सातवर असताना उपसून काढलंस तर अंगाला कळतं की पळालो म्हणून वाचलो. तिथंच ठेवून श्वास घेत बसलं की पाच-सात मिनिटांनी सात चे पाच होतात, पाच चे तीन, काही वाईट झालेलं नसतं, आणि हेच अंगाला शिकवायचंय. दुखणं तीनच्या वर गेलं तर मात्र बसून राहायचं नाही, थोडं मागं घे, नाहीतर आधीच्या पायरीवर ये आणि ती करून मगच उठ, म्हणजे दिवस भीतीवर संपत नाही.

करंगळीचं नख आदल्या दिवशी काप, त्याच दिवशी कापलं की कड टोचते. पहिलं पेर, दोन पेरं, पूर्ण. आत मऊ, ओलं, गालाच्या आतल्या बाजूसारखं लागतं. पहिल्यांदा पूर्ण करंगळी गेली तेव्हा मी तशीच पडून राहिले. बाहेर कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, मी मोजत होते, तीन झाल्या, चौथी झाली तरी माझं बोट आत होतं आणि मला काहीही होत नव्हतं. त्या रात्री वहीत फक्त तारीख लिहिली, १४ जुलै.

८. डायलेटर

सगळ्यात लहानापासून. आठवड्यात चार-पाच दिवस, दहा-पंधरा मिनिटं. रोजच पाहिजे असं नाही, पण आठवड्यात एकदा तासभर असं करण्यापेक्षा थोडं थोडं बरं. डायलेटर कोमट पाण्यात धरून घे, गार असला की अंग आकसतं. जेलीत कंजुषी नको, डायलेटरला पण आणि तोंडाशी पण. कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घेतले तर काहींना सोपं जातं, मला तसंच जमायचं. आत जाऊन हरवेल अशी भीती असते, हरवत नाही, आतलं टोक गर्भाशयाच्या तोंडानं बंद असतं.

आधी आत ठेवून नुसतं पडायचं. मग हळू आत-बाहेर. मग गोल. प्रत्येक साइझला हे तिन्ही कंटाळवाणं झालं की पुढचा. नवीन साइझ घेताना आधी पाच मिनिटं जुना वापर. माझे पहिले दोन साइझ तीन आठवड्यांत झाले, तिसऱ्याला दीड महिना लागला. असंच असतं, सारखा वेग कुणाचाच नसतो.

बधिर करणारी लिग्नोकेन जेल मेडिकलवाला सहज देईल, पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको. दुखणं कळलंच नाही तर तू जास्त ढकलशील आणि अंगाला तर काहीच शिकायला मिळणार नाही. स्नायू ढिले करणाऱ्या बोटॉक्सच्या इंजेक्शनचं पण विचारतात. सराव नीट करूनही स्नायू सुटत नसतील तर काही डॉक्टर देतात, महाग असतं, आणि त्यानंतरही डायलेटर करावाच लागतो. दारू घेऊन प्रयत्न कर असा सल्ला एका नात्यातल्या बाईनं दिला होता, तो तर अजिबात ऐकू नकोस.

मागं येणं होतंच, ते पण सांगते. ऑगस्ट २०१९ चा पूर आला तेव्हा गावभागातली आमची सगळी माणसं विश्रामबागेत आमच्याकडं राहायला आली, चौदा माणसं, आमच्या खोलीत तिघी वन्सं आणि पोरं. पाणी ओसरल्यावर त्यांच्या घरातला गाळ काढायला जायचो. महिनाभर डबा चादरींच्या मागनं काढला नाही. सप्टेंबरमध्ये दुसरा साइझ परत जाईना. मला वाटलं संपलं, सगळं शून्यावर. फिजिओताई म्हणाल्या शून्यावर नाही, एक पायरी खाली ये. पहिल्या साइझवर आले आणि चारच दिवसांत परत दुसऱ्यावर. अंग विसरत नाही, फक्त परत आठवण करून द्यावी लागते. पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस, भांडण झालेलं असताना, ताप असताना पण असं होतं, तेव्हा खालची पायरी कर किंवा नुसता श्वास.

९. नवऱ्याचा हात

तुझ्या तिसऱ्या-चौथ्या साइझला त्याला बोलाव. आधी तो नुसता शेजारी बसेल. मग डायलेटर तू धरायचास, त्याचा हात तुझ्या हातावर. मग उलटं, त्याच्या हातावर तुझा हात. थांब म्हटलं की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. हे आधी दोन-तीनदा मुद्दाम तपासून बघ, काही होत नसताना थांब म्हण आणि तो थांबतो का बघ. आमचे हे लगेच थांबले आणि मला रडू आलं, कारण तोपर्यंत मला हे खात्रीनं माहितीच नव्हतं.

नवऱ्यांसाठी एक ओळ: तुमच्यातही यात काहीतरी मोडलेलं असतं, सारखं नाकारल्यासारखं वाटतं, काहींना ऐनवेळी ताठरता जाते. लाज न बाळगता त्याच डॉक्टरांना सांगा.

१०. संबंध

सगळ्यात मोठा किंवा त्याच्या आधीचा साइझ कंटाळवाणा झाला की. एकदम नाही. आधी डायलेटर दहा मिनिटं, मग नुसता तोंडाशी स्पर्श आणि त्या दिवशी तेवढंच. मग टोक. मग थांबून श्वास. तू वर असशील तर वेग आणि खोली तुझ्या हातात राहते, आम्हाला तसंच जमलं. हालचाल पहिल्या दिवशी नकोच, डायलेटरसारखं नुसतं आत ठेवून पडा. आमचं पहिल्या वेळी दीड मिनिट झालं असेल. रक्त येईलच असं काही नाही, मला आलं नाही.

या काळात घरातनं 'गुड न्यूज कधी' सुरू असतं. आत्यांनी आम्हाला वंध्यत्वाच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं होतं, आणि तिथं बरीच जोडपी संबंध होत नाहीत हे न सांगता तपासण्या आणि इंजेक्शनं करत बसतात. सरळ डॉक्टरांना एकटीला गाठून खरं सांग. व्हजायनिस्मस म्हणजे मूल होणार नाही असं नाही. मूल हवंय आणि वय वाढतंय म्हणून आयूआय (वीर्य नळीनं थेट गर्भाशयात सोडणं) करायचं ठरवलंत तरी तो तुमचा निर्णय, फक्त त्यासाठी पण आतून तपासणी लागते, म्हणजे सराव कामाला येतोच.

पुढं काय

आठवड्यात एकदा-दोनदा डायलेटर सुरू ठेव, निदान काही महिने. दवाखान्याच्या टेबलाचा पण सराव कर, माझ्या यादीत तो ९ वर होता आणि संबंध जमल्यावरही ९ वरच राहिला होता. मी मिरजेच्या डॉक्टरांकडं मुद्दाम तीनदा गेले, एकदा नुसतं टेबलावर झोपायला, एकदा त्यांच्या बोटानं, एकदा लहान साइझच्या चिमट्यानं, तो मी स्वतः हातात धरून आत घातला. अशी विनंती करता येते, मागून बघ.

मुलगी २०२२ मध्ये झाली, नॉर्मल. लेबर रूममध्ये नेताना नवीन डॉक्टर-सिस्टर असतात, म्हणून फाइलच्या पहिल्या पानावर आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की हिला आतून तपासण्याआधी सांगा आणि श्वास घेऊ द्या. तेवढं लिहून घेच. बाळंतपणानंतर टाके भरून डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत, साधारण सहा आठवडे, काहीच नको. मग मी तोच स्टीलचा डबा काढला आणि परत पहिल्या साइझपासून सुरुवात केली, अंगावर पाजत असल्यामुळं कोरडं वाटायचं म्हणून जेली दुप्पट, आणि या वेळी सगळे साइझ पाच आठवड्यांत झाले.